जुन्या देवळाच्या लाकडाचा जपानी गंधकरंडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर एक कोगो असतो. बेसनाच्या लाडवाएवढा, वरून थोडा चपटा, मधाच्या रंगाचा. झाकणावर एका बाजूला लहानसं चौकोनी भोक आहे आणि भोकाभोवती काळसर डाग. घरी येणारे बहुतेक जण तो हातात घेतात आणि भोकात नखाचं टोक घालून बघतात. मग प्रश्न सुरू होतात. क्योतोमध्ये काही वर्षं चहाचा समारंभ, म्हणजे पाहुण्यांना विधिपूर्वक चहा देण्याची जपानी कला, शिकले, तेव्हा हेच प्रश्न मलाही पडले होते. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे.

कोगो म्हणजे काय?

गंधद्रव्य ठेवायचा झाकणाचा छोटा करंडा. जपानीत ‘को’ म्हणजे सुगंध आणि ‘गो’ म्हणजे जुळणं, एकात एक बसणं. उच्चारताना दोन्ही ‘ओ’ लांबवायचे. आपल्याकडे कुंकवाचा करंडा असतो तसाच हा: तळहातावर मावणारा, दोन भागांचा. म्हणून मी मराठीत त्याला गंधकरंडा म्हणते. चिनी मातीचे, लाखटलेले, शिंपल्यांचे, धातूचे असे अनेक प्रकारचे कोगो असतात. मी इथे बोलते आहे ते लाकडाच्या कोगोबद्दल, आणि त्यातही ज्यांचं लाकूड एखाद्या जुन्या देवळाच्या दुरुस्तीतून निघालं आहे त्यांच्याबद्दल. अशा जुन्या लाकडाला ‘कोझाई’ म्हणतात.

यात धूप जाळायचा का?

नाही. हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा. यात निखारा नाही, उदबत्ती नाही, पेटलेलं काहीच नाही. यात न जळलेलं गंधद्रव्य राहतं आणि वेळ आली की ते काढून चहाचं पाणी तापवायच्या शेगडीतल्या राखेवर ठेवतात.

मग आत नेमकं काय ठेवतात?

ते ऋतूवर अवलंबून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या दिवसांत पाणी उकळायला जमिनीत बसवलेली चूल वापरतात, तिला ‘रो’ म्हणतात. मे ते ऑक्टोबर ती झाकून टाकतात आणि ‘फुरो’ नावाची शेगडी मांडतात. थंडीत गंधद्रव्य असतं ते मळलेलं. सुगंधी लाकडांची पूड, मध किंवा आलुबुखाराचा गर, थोडा कोळसा असं एकत्र कुटून, मुरवून त्याच्या काळ्या मऊ गोळ्या करतात. ह्या गोळ्या ओलसर असतात, म्हणून त्या दिवसांत मातीचा कोगो. उन्हाळ्यात सुगंधी लाकडाच्या कोरड्या चकत्या, आणि त्यासाठी लाकडाचा कोगो.

म्हणजे देवळाच्या लाकडाचा करंडा हा उन्हाळ्याचा करंडा आहे. त्यात ओली गोळी घालू नका. एक तर लाकूड चिकट होतं, आणि तो वास मग वर्षानुवर्षं जात नाही.

चकत्या बहुधा तीन ठेवतात. दोन निखाऱ्याजवळच्या गरम राखेवर जातात, एक पाहुण्यांसाठी आत राहते.

त्या चकत्या चंदनाच्या असतात ना? आपल्याच?

बऱ्याचदा हो. जपानी नाव ‘ब्याकुदान’, म्हणजे पांढरं चंदन. त्यातला ‘दान’ आपल्या ‘चंदन’ शब्दाचाच तुकडा आहे. बौद्ध धर्माबरोबर तो आधी चिनीत गेला आणि तिथून जपानीत. भारतातल्या, विशेषतः म्हैसूरकडच्या चंदनाला तिथल्या दुकानांत ‘रोझान’ असं वेगळं मानाचं नाव आहे.

फरक वापरण्याच्या पद्धतीत आहे. आपण खोड सहाणेवर पाण्याने उगाळतो, गंध लावतो, गारवा मागतो. ते कोरडी चौकोनी चकती उबेवर ठेवतात आणि लाकडातलं तेल हळूहळू हवेत सोडतात. माझ्या आजीच्या सहाणेचा वास आणि क्योतोतल्या शेगडीचा वास एकाच झाडाचा आहे हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

चंदनाहून मौल्यवान म्हणजे अगरू. ५९५ साली आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक ओंडका लागला, लोकांनी तो चुलीत घातला आणि धुराचा सुगंध आल्यावर नवल वाटून दरबारात नेऊन दिला, अशी जपानच्या सर्वांत जुन्या अधिकृत इतिहासात नोंद आहे. आज अगरूच्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, त्यामुळे मोठ्या तुकड्याबरोबर कागद असायलाच हवेत.

देवळाचं लाकूड म्हणजे देऊळ पाडून आणलेलं का?

हा प्रश्न लोक जरा दबक्या आवाजात विचारतात आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

बहुतेक वेळा नाही. जपानी देऊळ दगडावर उभं असलं तरी घडतं लाकडाचं, आणि लाकडाची इमारत काही शतकांनी उलगडावी लागते. उलगडावी हाच शब्द बरोबर आहे. कौलं उतरवतात, वासे, तुळया, खांब एकेक करून क्रमांक घालून खाली घेतात, कुजलेला भाग कापतात, तिथे नवा तुकडा जोडतात आणि सगळं पुन्हा उभं करतात. खांब सहसा पायाशी कुजतो. मग तेवढाच पाय कापून नवं लाकूड खाचेत बसवतात. नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं साल डागून ठेवतात, म्हणजे पुढच्या सुताराला फसायला होत नाही. यातून जे कापलेलं, परत न बसणारं लाकूड उरतं, ते कोझाई. काही देवळं ते देणगीदारांना, चहाच्या गुरूंना कृतज्ञता म्हणून देत आली आहेत.

पण ‘बहुतेक वेळा’ असं मी मुद्दाम म्हटलं. १८६८ साली सरकारने जपानचा मूळचा शिंतो धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि त्या लाटेत असंख्य बौद्ध देवळं मोडली गेली, मूर्ती फुटल्या, लाकूड मिळेल त्या भावाला गेलं. ती लाट पुढे ओसरली, आणि १८९७ साली जुनी देवळं जपण्याचा कायदा आला. त्या काळात सुटलेलं लाकूडही बाजारात आहे. तो करंडा हातात घेताना मला वेगळं वाटतं, आणि वाटायलाच हवं.

कोणकोणत्या देवळांचं लाकूड मिळतं?

कोगोबरोबरच्या लाकडी पेटीवर नावं सर्वांत जास्त दिसतात ती जपानच्या जुन्या राजधानीतल्या, नारातल्या देवळांची. त्यातही तोदाइजी, जिथे बुद्धाची ती प्रचंड कांस्यमूर्ती आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कोणी तुम्हाला ‘बाराशे वर्षांचं लाकूड’ सांगून गंडवणार नाही. मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला ७५२ साली. पण तिचं मंदिर ११८० च्या युद्धात जळलं, पुन्हा उभं राहिलं, १५६७ मध्ये पुन्हा जळलं. आज आपण बघतो ते १७०९ मध्ये पुरं झालं. पहिलं मंदिर सुमारे ८६ मीटर रुंद होतं, आताचं ५७, कारण तोवर तेवढा पैसा आणि तेवढी झाडं उरली नव्हती. अखंड खांब मिळेनात, म्हणून मधल्या गाभ्याभोवती फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळून खांब बनवले. छताच्या दोन मुख्य तुळयांसाठी पार दक्षिणेकडच्या किरिशिमा डोंगरातून दोन पाइन वृक्ष आणले, प्रत्येकी २३ मीटरच्या आसपास. पुढे १९०६ ते १९१३ च्या दुरुस्तीत छताच्या पोटात इंग्लंडहून आणलेल्या पोलादी कैच्या बसवल्या, आणि १९७४ ते १९८० मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा पेटीवर ‘महाबुद्ध मंदिराचं जुनं लाकूड’ असं लिहिलं असेल तर ते साधारण तीनशे वर्षांपूर्वी तासलेलं असेल असं धरा. तीनशे वर्षंही थोडी नाहीत.

हजार वर्षांच्या पलीकडचं लाकूड बघायचं तर नाराजवळच्या होर्यूजी देवळात जावं. जगातल्या उभ्या लाकडी इमारतींत सर्वांत जुन्या तिथल्याच. तिथल्या पाच मजली पॅगोड्याच्या मधल्या खांबाची वर्षवलयं मोजल्यावर झाड ५९४ साली तोडल्याचं निघालं. १९३४ पासून जवळजवळ पन्नास वर्षं तिथे उलगडून दुरुस्ती चालली. त्याच कामात २६ जानेवारी १९४९ ला मुख्य मंदिराला आग लागून आतली भित्तिचित्रं करपली. वरचा भाग दुरुस्तीसाठी आधीच उतरवलेला होता, म्हणून तो वाचला. आता दर २६ जानेवारीला जपानभर देवळांत आग विझवण्याची तालीम होते. असल्या जागेचं लाकूड सहज बाजारात येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

हजार वर्षांचं लाकूड भुसभुशीत होत नाही का?

हिनोकी असेल तर नाही. हिनोकी हा सायप्रसच्या कुळातला वृक्ष. तोडल्यानंतर पहिली दोनेकशे वर्षं त्याची ताकद वाढते आणि मग ती अतिशय सावकाश उतरते, असं लाकूडतज्ज्ञांनी जुने खांब तपासून दाखवलं आहे. होर्यूजीचे सुतार सांगत की तेराशे वर्षांच्या तुकड्यावर रंधा मारला तरी आतून हिनोकीचा वास येतो. वरचा थर पावसाने, धुराने करडा झालेला असतो. खाली लाकूड जिवंत असतं.

माझा कोगो नाकाशी नेला तर आता फक्त चंदनाचा वास येतो. पण तळ जिथे रोगणाशिवाय मोकळा आहे तिथे, पहिल्या पावसात हवा ओली झाली की एक दिवस लिंबाच्या सालीसारखं काहीतरी येतं.

जुन्या लाकडाचं इतकं कौतुक चहामुळे सुरू झालं का?

नाही, ते त्याहून बरंच जुनं आहे. अकराव्या शतकात नोइन नावाचा कवी-भिक्षू होऊन गेला. नागारा नावाचा पूल कवितांमुळे प्रसिद्ध होता आणि तो केव्हाच मोडला होता. नोइनची एका दुसऱ्या काव्यवेड्या माणसाशी भेट झाली, तेव्हा त्याने जरीच्या पिशवीतून लाकडाची एक ढलपी काढली: नागाराच्या पुलाची. समोरच्याने आनंदाने आपली पुरचुंडी सोडली. त्यात एक वाळलेला बेडूक होता, इदे या गावचा, कारण इदेचे बेडूकही कवितांत गाजलेले. दोघे एकमेकांच्या ठेव्याचं मनापासून कौतुक करून निघून गेले.

मला ही गोष्ट फार आवडते. पुलाची ढलपी जपणाऱ्या लोकांत देवळाच्या तुकड्याचा करंडा जन्मणं अगदी साहजिक आहे.

हे लाकूड पवित्र मानायचं का? देव्हाऱ्यात ठेवू?

ठेवलंत तर कोणाला वाईट वाटणार नाही. पण तो पूजेसाठी केलेला नाही. आपल्याकडे देवाचं जुनं झालेलं काही असलं की आपण ते नदीत सोडतो, निर्माल्याचं विसर्जन करतो. जपानमध्ये लाकडाच्या बाबतीत कल वेगळा आहे: त्याला पुढचं काम द्यायचं. इसेचं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये. तिथल्या मुख्य मंदिराचे आढ्याला आधार देणारे खांब उतरले की त्यांची उजी पुलाच्या दोन टोकांना तोरणद्वारं होतात. तिथे वीस वर्षं झाली की तीच पुढे सेकी आणि कुवाना या जुन्या वाटांवरच्या ठिकाणी उभी राहतात. एकाच खांबाला तीन नोकऱ्या. मान आहे, पण तो कामात ठेवून दिलेला मान आहे. म्हणून मी माझा कोगो देव्हाऱ्यात ठेवत नाही, वापरते.

हा घडवतात कसा?

सरळ रेषांचा असेल तर सुतारकाम, गोल असेल तर कातकाम. आपल्याकडे सावंतवाडीला लाकडी फळं, करंडे कातून करतात, तेच तंत्र. जुन्या लाकडात अडचण अशी की खिळ्याचा तुकडा आत राहिला असेल तर हत्याराची धार क्षणात जाते. म्हणून आधी तपासून, टोकरून, मगच ते फिरवायला घेतात. चांगला कारागीर जुन्या कातडीचा एखादा भाग मुद्दाम राखतो: करडा पृष्ठभाग, खाच, भोक. सगळं तासून गुळगुळीत केलं तर ते कुठलंही लाकूड होईल.

आतून बऱ्याचदा उरुशीचं रोगण देतात. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आपल्या आंब्या-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं. ज्यांना बिब्बा उततो त्यांना ओल्या उरुशीचाही त्रास होतो, अंगावर तसेच फोड येतात. वाळल्यावर मात्र काही होत नाही, निर्धास्तपणे हात लावा. गंमत म्हणजे हे रोगण कोरड्या हवेत वाळत नाही. त्याला दमट, उबदार कपाटात ठेवावं लागतं, तेव्हा ते घट्ट होतं.

खरं आहे की नाही ते कसं ओळखायचं?

आधी पेटी बघा, मग करंडा. खऱ्या वस्तूबरोबर हलक्या किरी लाकडाची पेटी असते. झाकणावर शाईने लिहिलेलं असतं: कोणत्या देवळाचं जुनं लाकूड, कोगो, आणि करणाऱ्याची किंवा मठाधिपतीची सही, बऱ्याचदा चित्रासारखी वळणदार. देवळाने दिलेला दाखला असेल तर उत्तम. पेटी आणि करंडा एकमेकांत नीट बसतात का, तेही बघा; दुसऱ्याच्या पेटीत घातलेला कोगो सैल खेळतो.

मग खिळ्यांची भोकं. जपानी जुना खिळा घणाने ठोकून घडवलेला, चौकोनी कापाचा असे. गोल तारेचे खिळे १८६८ नंतर आले. त्यामुळे गोल भोक आणि ‘पाचशे वर्षांपूर्वीचं’ हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

हे मी पैसे घालवून शिकले. महिन्याच्या २१ तारखेला क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशाच एका बाजारात मी एका विक्रेत्याकडून दुसरा कोगो घेतला, ‘कामाकुरा काळातलं लाकूड’, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या शतकातलं, म्हणून. पेटी नव्हती. घरी दिव्याखाली झाकण उलटं केलं तर कडेला छान वाटोळं भोक, आणि काळा रंग बोटाला लागत होता. माझ्या गुरूंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, झाकण लावलं आणि चंदन ठेवायला चांगला आहे एवढंच म्हणाल्या. मी तो अजून वापरते, पण त्याची गोष्ट कोणाला सांगत नाही.

पाहुणे तो इतका वेळ बघतात तरी काय?

यजमान शेगडीत कोळसा रचतो, राखेवर चंदन ठेवतो आणि कोगोचं झाकण लावतो, त्या क्षणी मुख्य पाहुणा तो बघायला मागतो. अंगठ्या, घड्याळ आधीच काढलेली असतात. कोगो समोर चटईवर ठेवून आधी दोन्ही हात टेकून नुसता पाहायचा. मग कोपरं मांडीला लावून, जमिनीपासून वीतभर उंचीवरच तो हातात घ्यायचा, म्हणजे निसटला तरी फुटत नाही. झाकण काढून बाजूला ठेवायचं, आत राहिलेली चकती बघायची, वास घ्यायचा. जपानीत सुगंध ‘ऐकतात’. मग पुढच्याकडे. शेवटी विचारायचं: आकार कोणता, कोणी केला, गंध कोणता. देवळाच्या लाकडाचा असेल तर इथे यजमान त्या देवळाचं नाव सांगतो आणि खोलीत एक शांतता येते. माझ्या सगळ्या शिक्षणात मला हीच पाच मिनिटं सर्वांत प्रिय.

तोदाइजीचा आणि गंधाचा आणखी काही संबंध आहे का?

आहे, आणि सुंदर आहे. पूर्वी तोदाइजीच्या असलेल्या शोसोइन या कोठाराच्या संग्रहात अगरूचा एक ओंडका आहे, १५६ सेंटिमीटर लांब, ११.६ किलो वजनाचा. नाव राञ्जाताई. हे नाव ज्या तीन चित्राक्षरांनी लिहितात त्यांच्या पोटात ‘तो’, ‘दाइ’, ‘जी’ ही तीन अक्षरं दडलेली आहेत. १५७४ मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाने त्याचे तुकडे कापून घेतले आणि त्यातला वाटा चहाचे महागुरू सेन नो रिक्यू यांना दिला. १८७७ मध्ये सम्राट मेइजींनीही एक तुकडा कापवला. कापल्याच्या जागी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत.

कोगो जमवणारे लोक आहेत का?

फार. १८५५ साली तर जपानमध्ये कुस्तीगिरांच्या क्रमवारीसारखी मातीच्या कोगोंची क्रमवारी छापली होती, पहिला मान मोठ्या कासवाच्या कोगोला. आणि फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमान्सो यांनी सुमारे ३००० कोगो जमवले होते. तो संग्रह आता कॅनडात माँट्रियलच्या ललितकला संग्रहालयात आहे.

किंमत किती?

साधा लाकडी कोगो काही हजार येनांत मिळतो. देवळाचं नाव, दाखला, मोठ्या गुरूची पेटीवरची सही असेल तशी किंमत चढत जाते. माझं मत स्पष्ट आहे: पहिला कोगो घेताना सहीसाठी पैसे टाकू नका. झाकण कसं बसतं त्यासाठी टाका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कसा जपायचा?

मी ठाण्याला परत आले त्या वर्षी जूनमध्ये कोगो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवला. गणपतीच्या आधी काढला तर झाकणावर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने काढली, दोन दिवस पंख्याखाली ठेवला, सुदैवाने डाग राहिला नाही.

तेव्हापासून प्लॅस्टिक बंद. मूळ किरीची पेटी असेल तर तिच्यातच ठेवा. ओल शोषायला ती बरी. आत गुंडाळायला जपानी लोक पिवळं कापड वापरतात. ते परंपरेने हळदीने रंगवलेलं असतं, कीड लागू नये म्हणून. आजकाल बाजारात कृत्रिम रंगाचं मिळतं. मी जुन्या धुतलेल्या मलमलीला घरीच हळद लावली आणि रंग अंगाला लागेनासा होईपर्यंत धुतली. पावसात दर पंधरा दिवसांनी, ऊन असेल त्या दिवशी, सावलीत तासभर उघडा ठेवा.

तेल किंवा पॉलिश?

नको. खोबरेल तर अजिबात नको, खवट होतं. हातांनी जी झळाळी येते ती पुरे.

कुंकू ठेवलं तर चालेल?

रंग लाकडात उतरेल आणि निघणार नाही. वेलची, लवंगा, केशर, काही दिवस चालतील, पण मग चंदन ठेवता येणार नाही. एका कोगोत एकच गंध.

चहाचा समारंभ शिकलेलो नाही, तरी घरी वापरता येईल?

येईल. एका वाडग्यात बारीक चाळलेली राख घ्या, कोळशाचा लहान पेटता तुकडा तीत जवळजवळ पुरा, वर राखेचा पातळ थर येऊ द्या. चंदनाची चकती निखाऱ्यावर ठेवू नका, बाजूच्या गरम राखेवर ठेवा. धूर दिसला तर ती फार जवळ आहे. चिमट्याने थोडी सरकवा. धूर न होता वास आला की बरोबर. खिडकी किंचित उघडी, पंखा बंद.

झाकण घट्ट बसलंय, निघत नाही.

जोर लावू नका, पिळू नका, सुरीचं टोक तर मुळीच घालू नका. पावसाळी हवेने लाकूड फुगलं आहे. तांदळाच्या डब्यात नाही, फ्रिजमध्ये नाही; कोरड्या खोलीत कागदावर दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. मग एका हाताने तळ धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी झाकण चारी बाजूंनी आळीपाळीने हलकेच उचला. सुटताना एक छोटासा ‘फुक्’ आवाज येतो आणि आत अडकलेला सगळा वास एकदम बाहेर पडतो.